मेंबरांच्या दारातल्या हलीमाबी

‘माय सन इज फोर्टीन.’ एवढं एकच इंग्रजी वाक्य शिकायला हलीमाबी पहिल्यांदा आमच्या शाळेत आल्या.

नाशिकला मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. मधल्या सुट्टीत शिपाईणबाई सांगत आली, “कोकणीपुऱ्यातली एक बाई आलीय. इंग्रजी येणाऱ्या बाईच पाहिजेत म्हणते.” मी बाहेर आले. काळा बुरखा, त्याचा पडदा डोक्यावर मागे टाकलेला, चेहरा उन्हानं रापलेला, आणि पाठीशी एक उंच मुलगा. तो गुडघ्यांत वाकून, खांदे पाडून उभा होता. उंटाला खाली बसायला सांगावं आणि तो अर्ध्यावरच थांबावा, तसा.

“बाई, एक वाक्य शिकवायची फी काय?”

“एका वाक्याची कसली फी?”

“मग पक्कं शिकवा. फुकटचं म्हणून कच्चं नको.”

मी वाक्य सांगितलं आणि शेवटी ‘सर’ जोडलं. त्यांनी ‘सर’ तेवढं गाळलं. म्हणाल्या, “ते नको. सर म्हटलं की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की आवाजही खाली जातो.” मग आमच्या व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी ते वाक्य घोकलं. मुली खिडकीतून हसत होत्या. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. जाताना मी विचारलं, हे कुणाला म्हणून दाखवायचंय? तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं उभ्यानंच सांगितलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी त्यांना कुणाच्या दारात खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही.

त्यांचे मालक इस्माईलभाई आफ्रिकेत दरबनला शिंपी होते. तरुणपणी गेले, दोनदा येऊन गेले. एका खेपेनंतर यूसुफ झाला, दुसरीनंतर रबिया. तिसऱ्या खेपेला त्यांनी येण्याऐवजी बोलावणंच धाडलं. दुकान जरा धरलं होतं, दोन खोल्या झाल्या होत्या. ते फार दिवस तिथून बाहेर राहिले तर त्यांचा तिथे राहायचा हक्क जात होता, म्हणून बायकोमुलांनीच यावं. तिथल्या कायद्याप्रमाणे बायको जाऊ शकत होती, आणि तिच्यासोबत सोळा वर्षांच्या आतली मुलं. हलीमाबींनी घर आवरलं, दीर-जावेच्या हातात किल्ल्या दिल्या आणि दोन्ही मुलांना घेऊन बोटीत बसल्या.

“बंदरात बोट लागली,” त्या सांगत होत्या, “तर एक डॉक्टर वर आला. त्यानं यूसुफचे दात बघितले. हात वर करून काखेत बघितलं. बैलाला बघतात ना बाजारात, तसं. मग म्हणाला, बोल काहीतरी. याचा आवाज तेव्हाच फुटायला लागला होता. याच्या तोंडातून घोगरा आवाज निघाला, आणि त्यानं लिहून टाकलं की सोळाच्या वर आहे. मी म्युनिसिपालिटीचा जन्माचा दाखला पुढं केला. तो म्हणाला, असले दाखले हिंदुस्थानात हवे तेवढे मिळतात. तू उतर, मुलगी उतरू दे. मुलगा परत जाईल.”

इस्माईलभाई खाली धक्क्यावर कुंपणापाशी उभे होते. नवा कोट घातला होता, स्वतःच शिवलेला. त्याच्या एका बाहीची कड उसवली होती, तीसुद्धा हलीमाबींना वरून दिसत होती, इतके ते जवळ होते.

“मी ओरडून विचारलं, काय करू? ते काहीतरी ओरडले. वारा उलटा होता, मला ऐकू आलं नाही. मग मी माझ्या मनानं केलं. तिघंही परत आलो.” मग म्हणाल्या, “पुढं पत्रात कळलं. ते ओरडत होते, मुलीला घेऊन उतर म्हणून. बरं झालं वारा होता.”

त्या दिवसापासून एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली होती. खरं कुणाचं मानायचं, दाखल्याचं की डॉक्टरच्या डोळ्याचं? हे कुणीतरी ठरवायला हवं, आणि ठरवणारी माणसं म्हणजे दिल्लीच्या असेंब्लीचे मेंबर. त्यांनी सरकारला विचारावं, सरकारनं तिकडच्या सरकारला विचारावं. कोकणीपुऱ्यात आणखीही काही घरं अशीच अडकली होती. कुणाचं लग्न तिकडे मानलं जात नव्हतं, कुणाच्या पोरांचं वय. त्या बायकांनी नशिबाला बोल लावून पडदा ओढून घेतला होता. हलीमाबींनी त्या सगळ्यांचे दाखले गोळा केले, एका पिशवीत घातले आणि दारोदार हिंडू लागल्या.

आमची ओळख वाढली ती या हिंडण्यात. मी इंग्रजी अर्ज लिहून देई आणि जमेल तेव्हा सोबत जाई. त्यांच्या काही पक्क्या रीती होत्या. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, पण शिजवलेलंही न्यायचं नाही. “माझ्या हातचं खाल्लं तर त्यांना अंघोळ करावी लागेल. फळाला विटाळ नसतो,” म्हणत त्या पेरू नेत. बाकावर बसा म्हटलं तर बसायचं नाही. “बसलेली बाई विसरायला सोपी असते. उभी राहिलेली डोळ्यात खुपते.” आणि बोलायला सुरुवात करताना म्हणायचं, “एकच गोष्ट विचारते.” ती एक गोष्ट संपता संपत नसे.

देवळालीला तेव्हा मुंबईची बडी माणसं हवापालटाला येत. असेच एक शेठ आले होते, मोठे व्यापारी आणि असेंब्लीचे मेंबर. त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी आम्ही सकाळपासून उभ्या होतो. माळी दोनदा हाकलून गेला. शेवटी शेठच फिरून येताना दिसले आणि हलीमाबी थेट त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, तुमचा मतदारसंघ निराळा. मुसलमानांच्या जागेचे मेंबर निराळे आहेत. तुम्ही त्यांना भेटा.”

“त्यांना भेटले. ते म्हणाले, हा व्यापारउदीमाचा प्रश्न, व्यापाऱ्यांच्या मेंबरांना भेटा.”

“तुम्हाला मत आहे का?”

“नाही.”

“मग तसं पाहिलं तर...” शेठ अडखळले.

“मत नाही म्हणजे मी कुणाचीच नाही,” हलीमाबी म्हणाल्या. “जी कुणाचीच नाही ती सगळ्यांची असते ना, शेठजी? अनाथ पोर वाटेत दिसलं तर तुम्ही त्याचा मतदारसंघ विचारता का?”

शेठ हसले, पेरू ठेवून घेतले, बघतो म्हणाले. ते काय बघणार हे त्यांना, मला आणि माळ्यालाही ठाऊक होतं. परत येताना आम्ही टांगा केला. रोकडोबाच्या देवळापाशी आलो तेव्हा हलीमाबी म्हणाल्या, “बाई, यांना वेळ आहे. माझा मुलगा वाढतोय.”

खरी मेख तिथेच होती. यूसुफ वाढत होता. बाकीच्या आया मुलाची उंची बघून कौतुकानं बोटं मोडतात, ह्यांचा जीव धसकायचा. ओठावर मिशी दिसायला लागली की त्या न्हाव्याला घरी बोलवत. चालताना पाठीवर थाप मारून त्याला वाकून चालायला लावत. खरा घाला होता तो ताटावर. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दूध-तूप तोडलं की वाढ खुंटते. एकदा मी अर्ज घेऊन जेवणवेळेला त्यांच्या घरी गेले. यूसुफच्या ताटात अर्धी भाकरी आणि पातळ कालवण. त्यानं ते दोन घासांत संपवलं आणि रिकाम्या ताटाकडे बघत बसला. रबियानं आपली भाकरी हळूच त्याच्याकडे सरकवली. हलीमाबींनी ते पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं अचानक उठल्या, भाकऱ्यांची अख्खी टोपली आणि कालवणाचं पातेलं उचलून त्याच्यासमोर आणून आदळलं.

“खा,” म्हणाल्या. “खा मेल्या. होऊ दे काय व्हायचं ते.”

तो खाऊ लागला आणि त्या पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन उभ्या राहिल्या.

यूसुफ फारसा बोलत नसे. जायची इच्छा आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बापाला त्यानं लहानपणी पाहिलं होतं आणि नंतर एकदा, बोटीवरून.

शाळेतल्या व्हरांड्यात हलीमाबी दुसऱ्यांदा आल्या त्या वाक्य बदलायला. ‘माय सन इज फिफ्टीन.’ या वेळी मुली हसल्या नाहीत.

त्याच थंडीत वाचनालयात रावसाहेब गणोरकरांचं व्याख्यान ठरलं. रावसाहेब असेंब्लीचे मेंबर, बोलण्यात तरबेज, गोरेपान, उपरण्याची घडी न मोडणारे. विषय होता, परदेशातल्या हिंदी माणसाचा मान. हलीमाबींना ते कळल्यावर त्या मला म्हणाल्या, “हे तर आपल्यावरच बोलणार आहेत.” आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. म्हणजे मी बसले, त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. यूसुफ पुरुषांत मागे होता.

रावसाहेब छान बोलले. आपल्या माणसाला तिकडे कसं वागवतात हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी, कुणाला काही विचारायचंय का, असं रीतीप्रमाणे म्हटलं.

“एकच गोष्ट विचारते,” भिंतीकडून आवाज आला.

सभा वळून बघू लागली. हलीमाबींनी बोट, बंदर, डॉक्टर सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “हा सवाल दिल्लीला विचाराल का?”

“बाई, प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे,” रावसाहेब म्हणाले. “वयाचा पुरावा ही तांत्रिक बाब असते. आणि वैद्यकीय मताला शेवटी...”

“यूसुफ, इकडे ये.”

तो आला. सगळे बघत होते. गणोरकरांच्या टेबलाशेजारी त्यांनी त्याला उभं केलं.

“तोंड उघड.”

त्यानं आईकडे पाहिलं.

“उघड म्हणते ना. हात वर कर.” त्यांनी स्वतःच त्याचा हात धरून वर केला. “इथं डॉक्टर आहेत ना? या, बघा. सांगा याचं वय.”

पुढच्या रांगेतले एक डॉक्टर चष्मा सावरत म्हणाले, “असेल सतरा-अठरा.” दुसरे म्हणाले, “छे, पंधराच्या वर नाही.” तिसऱ्या कुणी वीस म्हटलं आणि सभेत हशा पिकला. हलीमाबी ओरडल्या, “बघितलंत रावसाहेब? एका खोलीत तीन वयं! यावर माझं घर मोडायचं?”

हशा थांबला. रावसाहेबांचा चेहरा उतरला होता. उभे राहून ते सगळ्यांसमोर म्हणाले, “मी विचारीन. तुमचे कागद मला द्या.”

हलीमाबींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि वळल्या. यूसुफ तिथे नव्हता. हशा पिकला तेव्हाच तो आईच्या मुठीतून मनगट सोडवून निघून गेला होता.

आम्ही नदीच्या बाजूनं परत चाललो होतो. मला आनंद झाला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी शब्द दिला होता. हलीमाबी वाटेत मधेच थांबल्या.

“बाई, त्या डॉक्टरनं केलं तेच मी आज केलं ना?”

मी त्यांच्या कोपराला धरलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“त्यानं बोटीवर केलं, तिथं सगळे परके होते. मी त्याच्या गावात केलं.”

रावसाहेबांनी शब्द पाळला. प्रश्न विचारला गेला. उत्तर आलं की, संबंधित सरकारशी पत्रव्यवहार चालू आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारला, तेच उत्तर आलं. हलीमाबी दर आठवड्याला रावसाहेबांच्या ओसरीत उभ्या राहत. रावसाहेबांच्या पत्नी आधी आतूनच निरोप धाडत, मग बाहेर येऊ लागल्या, शेवटी त्या नवऱ्याला विचारू लागल्या, “अहो, हलीमाबींचं काय झालं?” पावसाळा गेला. इस्माईलभाईंची पत्रं येत होती आणि अक्षर मोठं मोठं होत चाललं होतं. डोळ्यांत पडदा येतोय, सुईत दोरा ओवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, असं त्यांनी लिहिलं. हलीमाबींनी ते पत्र मला वाचून दाखवलं, पण शेवटपर्यंत वाचवेना, बाकीचं रबियानं वाचलं.

तिसऱ्यांदा वाक्य बदलायला त्या आल्या नाहीत. यूसुफला सोळावं पूर्ण झालं ते मला त्यांच्या न येण्यावरून कळलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरकारी उत्तर आलं. रावसाहेबांनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. पेढे आणून ठेवले होते. त्यांनी उभं राहूनच वाचून दाखवलं. यापुढे जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटनं तपासून सही केलेला जन्माचा दाखला मानला जाईल. पूर्वी परत धाडलेल्या मुलांचाही पुन्हा विचार होईल, मात्र बंदरावर उतरण्याच्या दिवशी मूल सोळाच्या आतलं असलं पाहिजे.

“हलीमाबी, जिंकलात तुम्ही!” रावसाहेब म्हणाले.

यूसुफला सोळा पूर्ण झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हलीमाबींनीही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “अल्ला तुमचं भलं करो. आमच्या मोहल्ल्यातल्या सकीनाची तिन्ही पोरं जातील आता.” पेढा हातात घेतला आणि बाहेर आल्यावर माझ्या हातावर ठेवला.

मोहल्ल्यात लोकांनी सुचवायला सुरुवात केली. दाखला दुसराही निघतो, एक वर्ष इकडचं तिकडं करणारी माणसं असतात. दिरानं तर बोलणंही करून ठेवलं. हलीमाबी रोज पहाटे उठून शिवायला बसत आणि शिवलेलं उसवत, असं रबिया म्हणाली. मग एक दिवस माझ्याकडे आल्या.

“नाही करायचं,” म्हणाल्या. “असले दाखले हिंदुस्थानात हवे तेवढे मिळतात, असं तो डॉक्टर म्हणाला होता. मी एवढी वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, की तो खोटं बोलला. माझा एक खोटा सापडला तर सकीनाच्या पोरांनाही बोटीवरूनच परत धाडतील.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “पण बाई, मन म्हणतं, कर. अजून म्हणतं.”

त्या संध्याकाळी यूसुफनं आईशी बोलणं काढलं. हे मला हलीमाबींनीच सांगितलं. तो तेव्हा मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला जाऊ लागला होता. तो म्हणाला, “अम्मा, तू रबियाला घेऊन जा. अब्बांना दिसत नाही. मला दिसतं, मी राहीन.” त्या म्हणाल्या, अर्धं घर मला नको. तेव्हा तो म्हणाला, “मी उंच झालो म्हणून चौघं अडकून पडलो. रोज सकाळी उठलो की मला माझेच पाय लांब दिसतात. आता मला सोड.”

शेवटी हलीमाबी आणि रबियानं सकीनाच्या कुटुंबाबरोबरच जायचं ठरलं. मी नाशिकरोडला पोचवायला गेले. जनाना डब्यात सकीना, तिची मुलं, रबिया, वळकट्या, पाण्याचे खुजे. हलीमाबी खिडकीशी होत्या. यूसुफ खाली फलाटावर उभा होता, कारखान्याच्या तेलकट कपड्यांतच आला होता. तो खिडकीच्या गजावर हात ठेवून होता आणि त्या त्याच्या बोटांवरचं काळं ग्रीस पदरानं पुसत होत्या. ते निघत नव्हतं.

पहिली घंटा झाली. तेवढ्यात फलाटावर गडबड उडाली. हमालाच्या डोक्यावर कातडी पेट्या, मागे शिपाई, आणि त्यांच्यामागे एक जाडसर, टोपीवाले गृहस्थ दुसऱ्या वर्गाच्या डब्याकडे लगबगीनं चालले होते. कुणीतरी म्हणालं, “दिल्लीचे मेंबर. मुंबईला निघालेत.” कुठले कोण, मला आजही माहीत नाही.

हलीमाबींचा हात थांबला. त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग यूसुफकडे. मग दार उघडून त्या खाली उतरल्या.

“अम्मा, गाडी सुटतेय!”

“सोळाच्या वरच्यांचं अजून कुणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या आणि बुरखा आवरून पळत सुटल्या.

दुसरी घंटा झाली, गार्डानं शिट्टी फुंकली. रबिया खिडकीतून किंचाळत होती. मी आणि यूसुफ मागे धावलो. मेंबर डब्यात चढून दार लावत होते, हलीमाबींनी दाराचा दांडा धरला. शिपाई “ए बाई, ए बाई” करत राहिला. गाडीनं हिसका दिला. आता एकतर त्या पडणार होत्या किंवा आत जाणार होत्या. त्या बिचाऱ्या गृहस्थांनी घाबरून त्यांचा दंड धरला आणि आत ओढून घेतलं. दार लागलं. ती मेल देवळालीला थांबत नसे, एकदम इगतपुरीला.

डबा आमच्यासमोरून गेला तेव्हा खिडकीत मला त्या दिसल्या. मेंबरसाहेब गादीवर मटकन बसले होते, रुमालानं कपाळ पुसत होते. हलीमाबी त्यांच्यासमोर उभ्या होत्या, एक हात वरच्या फळीला धरून तोल सांभाळत, आणि बोलत होत्या.

यूसुफ फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर धावला, भल्यामोठ्या ढांगा टाकत. मी पोचले तेव्हा तो पोट धरून हसत होता. त्याला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तो तिथेच खाली बसला. गाडी दिसेनाशी झाली तरी त्याचे खांदे हलायचे थांबले नव्हते, आणि ते आता हसणं राहिलं नव्हतं.